बहिर्वक्र सहकारी खेळांचा गाभा : भीमेच्या पात्रातील वहनव्ययाच्या संदर्भात

प्रस्तावना

सोलापूर शहरास पाणी मिळते ते प्रामुख्याने तीन ठिकाणांहून : हिप्परग्याचा एकरुख तलाव, भीमा नदीवरील टाकळी येथील उपसा आणि उजनी धरणापासून शहरापर्यंत सुमारे ११० किलोमीटर अंतर कापून येणारी जलवाहिनी. यांपैकी टाकळीच्या उपशासाठी उन्हाळ्यात उजनीतून नदीच्या पात्रात पाणी सोडावे लागते. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी असला, तरी त्यातील जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा असल्यामुळे अवर्षणाच्या वर्षी धरणाची टक्केवारी 'उणे' लिहिण्याची वेळ येते, आणि नेमक्या अशाच वर्षी नदीतून सोडावयाच्या पाण्याचा प्रश्न ऐरणीवर येतो. धरणाखालचे पात्र कोरडे असते. वाळू पाणी पिते, पात्रातील कोल्हापूर पद्धतीचे बंधारे एकामागून एक भरल्याखेरीज पाणी पुढे सरकत नाही, उन्हाने बाष्पीभवन होते. परिणामी टोकाशी जेवढे पाणी पोहोचावयाचे त्याच्या कित्येक पट पाणी धरणातून सोडावे लागते. या फरकास पाटबंधारे व्यवहारात 'वहनव्यय' असे म्हणतात.

वृत्तपत्रांतून व बैठकांतून अशा आवर्तनाचा उल्लेख बहुधा 'सोलापूरसाठी सोडलेले पाणी' असाच होतो. वस्तुतः हेच पाणी वाटेत पंढरपूरच्या आणि मंगळवेढ्याच्याही उपयोगी पडते. मग वहनव्यय कोणाच्या नावे मांडावयाचा? सगळा सोलापूरच्या नावे, की तिघांत वाटून? आणि वाटून घ्यावयाचा तर कोणत्या प्रमाणात? हा प्रश्न प्रशासनाचा वाटला तरी त्याचा सांगाडा गणिती आहे, आणि तो सांगाडा खेळ सिद्धांतातील एका सुपरिचित रचनेशी तंतोतंत जुळतो. तिला 'बहिर्वक्र सहकारी खेळ' असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या रचनेचा परिचय करून देऊन, ती वरील प्रश्नाविषयी काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

सहकारी खेळ आणि त्याचा गाभा

जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली खेळ सिद्धांत व आर्थिक वर्तन यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून या शास्त्राच्या दोन शाखा मानल्या जातात. असहकारी शाखेत प्रत्येक खेळाडू आपापली चाल स्वतंत्रपणे ठरवितो. सहकारी शाखेत चालींचा विचारच होत नाही. तेथे विचारला जाणारा प्रश्न असा : काही जण एकत्र आले तर त्यांना मिळून किती लाभ होतो, किंवा किती खर्च येतो, आणि तो त्यांनी आपसांत कसा वाटावा? एकत्र येणाऱ्या खेळाडूंच्या कोणत्याही गटास 'युती' म्हणतात. प्रत्येक युतीशी एक संख्या जोडली की सहकारी खेळ सिद्ध होतो. तीन खेळाडूंच्या खेळात अशा सात युती असतात, दहा खेळाडूंच्या खेळात १,०२३.

समजा सर्व खेळाडू एकत्र आले आणि एकूण खर्चाची एक वाटणी ठरली. एखाद्या युतीच्या वाट्यास आलेला एकत्रित भार त्या युतीने स्वतंत्रपणे काम केल्यास येणाऱ्या खर्चाहून अधिक असेल, तर ती युती उठून जाईल, निदान उठून जाण्याची धमकी तरी देईल. ज्या वाटण्यांविरुद्ध कोणत्याही युतीस अशी तक्रार करता येत नाही, त्या सर्व वाटण्यांचा संच म्हणजे त्या खेळाचा 'गाभा'. ही कल्पना बीजरूपाने एजवर्थ यांच्या १८८१ मधील अर्थशास्त्रीय लेखनात आढळते. आजच्या स्वरूपात तिचा अभ्यास सुरू झाला तो १९५३ च्या सुमारास, प्रिन्स्टन येथे डोनाल्ड गिलीज व लॉइड शॅपली यांच्या कामातून.

गाभा नेहमीच असतो असे नाही. दुष्काळी तालुक्यातील तीन वाड्यांचे काल्पनिक उदाहरण घ्यावे. प्रत्येक वाडीला टँकरची एक खेप लागते, परंतु टँकर मोठा असल्यामुळे एका खेपेत दोन वाड्यांची गरज भागते. एका वाडीचा खर्च १ खेप, कोणत्याही दोघींचा मिळून १ खेप, तिघींचा मिळून २ खेपा. कोणत्याही दोन वाड्यांनी मिळून १ हून अधिक भार सोसू नये, अशा तीन अटी मांडून त्यांची बेरीज केली की तिघींचा एकूण भार दीड खेपेपेक्षा अधिक असता कामा नये असे निघते. प्रत्यक्ष खर्च मात्र दोन खेपांचा आहे. म्हणजे गाभा रिक्त आहे. वाटणी कशीही केली तरी कोणत्या तरी दोन वाड्यांना तिसरीस वगळून वेगळे होणे फायद्याचे ठरेल. हे खेड्यातील भांडखोरपणाचे लक्षण नव्हे. सर्व वाड्या कितीही समंजस असल्या तरी खर्चाची रचनाच स्थैर्य येऊ देत नाही. गाभा केव्हा रिक्त नसतो, याची आवश्यक आणि पुरेशी अट सोव्हिएत गणिती ओल्गा बोंदारेवा यांनी १९६३ मध्ये आणि शॅपली यांनी स्वतंत्रपणे १९६७ मध्ये दिली. ती अट सर्व खेळांना लागू पडत असली तरी तपासावयास किचकट आहे. व्यवहारात भेटणाऱ्या अनेक खेळांच्या बाबतीत तिच्याहून सोपी आणि अधिक काही सांगणारी अट उपलब्ध असते, ती म्हणजे बहिर्वक्रता.

बहिर्वक्रता

मराठी माध्यमातून शिकलेल्या वाचकास 'बहिर्वक्र' हा शब्द भिंगाच्या संदर्भात परिचित आहे. येथे भिंगाचा संबंध नाही. तसेच कोणत्याही खेळाचा गाभा हा भूमितीच्या अर्थाने बहिर्वक्र संच असतोच. त्यावरून खेळ बहिर्वक्र ठरत नाही. विद्यार्थ्यांचा येथे हटकून घोटाळा होतो. 'बहिर्वक्र खेळ' हे नाव बहिर्वक्र फलनाच्या साधर्म्याने आले आहे. अशा फलनात चल जसजसा वाढतो तसतशी फलनातील वाढही वाढत जाते. त्याचप्रमाणे बहिर्वक्र खेळात युती जितकी मोठी, तितकी नव्या खेळाडूच्या येण्याने होणारी भर अधिक असते. चिन्हांत मांडावयाचे तर, स आणि त या कोणत्याही दोन युतींसाठी

मू(स ∪ त) + मू(स ∩ त) ≥ मू(स) + मू(त)

येथे मू म्हणजे युतीचे मूल्य. मूल्याऐवजी खर्च मोजावयाचा असल्यास चिन्ह उलटते : युती जितकी मोठी, तितका नव्या खेळाडूमुळे वाढणारा खर्च कमी असतो किंवा फार तर तेवढाच राहतो. अशा खर्चाच्या खेळात बचतीचा हिशेब मांडला की तो वरील व्याख्येनुसार बहिर्वक्र ठरतो. टँकरच्या उदाहरणात हे घडत नाही. दुसरी वाडी आली तेव्हा खर्च शून्याने वाढतो, तिसरी आली तेव्हा मात्र एका पूर्ण खेपेने वाढतो.

शॅपली यांचा बहिर्वक्र खेळांच्या गाभ्यावरील शोधनिबंध १९७१ मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ गेम थिअरी' या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य निष्कर्षाची सिद्धता आश्चर्य वाटावे इतकी सोपी आहे आणि पदवी वर्गातही सांगता येईल. सर्व खेळाडूंना कोणत्याही एका क्रमाने उभे करावे. पहिल्याने एकट्याचा खर्च द्यावा, दुसऱ्याने आपल्या येण्याने वाढलेला, तिसऱ्याने आणखी वाढलेला, याप्रमाणे. ही वाटणी गाभ्यात असते. कारण कोणतीही युती स घेतली, तर तिच्या प्रत्येक सदस्याने भरलेली रक्कम ही त्याच्या आधीच्या सर्व खेळाडूंवर पडलेली भर होय. त्याच्या आधी केवळ स मधील खेळाडू असते, तर समूह लहान असल्यामुळे ही भर तेवढीच किंवा अधिक पडली असती. स मधील सर्वांच्या या दुसऱ्या प्रकारच्या भरांची बेरीज म्हणजे स चा स्वतंत्र खर्च. म्हणून स ने प्रत्यक्षात भरलेली रक्कम तिच्या स्वतंत्र खर्चाहून अधिक असूच शकत नाही.

शॅपली यांनी याहून पुढे जाऊन दाखविले की, बहिर्वक्र खेळात गाभ्याचे सर्व कोपरे याच रीतीने मिळतात. खेळाडूंचे जितके क्रम, तितके कोपरे. काही क्रम एकाच कोपऱ्यावर जुळत असल्यास त्याहून कमी. याचा व्यत्यास १९८१ मध्ये तात्सुरो इचिइशी यांनी सिद्ध केला : सर्व क्रमांपासून मिळणाऱ्या वाटण्या गाभ्यात असतील, तर तो खेळ बहिर्वक्रच असतो. सर्व क्रमांची सरासरी म्हणजे शॅपली यांनी १९५३ मध्ये मांडलेले 'शॅपली मूल्य'. कोपऱ्यांची सरासरी आकृतीच्या आतच पडते, म्हणून बहिर्वक्र खेळात शॅपली मूल्य गाभ्यात असते. इतर खेळांत याची खात्री देता येत नाही. ज्या शास्त्रात न्याय्य वाटणी आणि टिकाऊ वाटणी या बहुधा भिन्न दिशांना जातात, तेथे ही जुळणी साधी गोष्ट नव्हे.

भीमेच्या पात्रातील खेळ

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. पंढरपूर, मंगळवेढा आणि सोलापूर हे तीन खेळाडू नदीच्या प्रवाहाच्या याच क्रमाने येतात. प्रत्येकाला प्रत्यक्ष मिळणारे पाणी ज्याचे त्याच्या नावे राहील. वाटावयाचा आहे तो केवळ वहनव्यय. धरणापासून पंढरपूरपर्यंत ६ एकके, मंगळवेढ्यापर्यंत ९ एकके आणि टाकळीपर्यंत १५ एकके वहनव्यय होतो असे मानू. हे आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतलेले आहेत, मोजलेले नाहीत. पुढील युक्तिवाद मात्र त्यांच्या नेमक्या परिमाणावर अवलंबून नाही. आणखी एक गृहीतक असे की, स्वतंत्र आवर्तने पात्र पुन्हा कोरडे पडण्याइतक्या अंतराने सोडली जातात.

एखाद्या युतीसाठी पाणी सोडावयाचे तर ते तिच्यातील सर्वांत दूरच्या गावापर्यंत पोहोचले पाहिजे. मधल्या गावांना ते वाटेतच मिळते. म्हणून युतीचा खर्च म्हणजे तिच्यातील दूरतम सदस्याचा खर्च. पंढरपूर व मंगळवेढा मिळून ९. ज्या ज्या युतीत सोलापूर आहे तिचा खर्च १५. तिघांनी स्वतंत्र आवर्तने मागितली तर ६, ९ आणि १५ मिळून ३० एकके वाया जातील. एकत्र घेतले तर १५. मोठ्या युतीत सामील होणारा खेळाडू खर्चात नेहमीच कमी किंवा तेवढीच भर घालतो, म्हणून हा खेळ बहिर्वक्र आहे.

रचनेच्या दृष्टीने हाच खेळ १९७३ मध्ये लिटलचाइल्ड आणि ओवेन यांनी विमानतळाच्या धावपट्टीसंबंधी मांडला होता. लहान विमानाला आखूड धावपट्टी पुरते, मोठ्याला लांब लागते, आणि लांब धावपट्टीत आखूड सामावलेली असतेच. धावपट्टीच्या जागी नदी ठेवली की भीमेचे उदाहरण तयार होते.

या खेळाचा गाभा शोधू. सोलापूरने कमीत कमी ६ एककांचा भार घेतलाच पाहिजे, कारण मंगळवेढ्यापासून टाकळीपर्यंतचा टप्पा केवळ त्याच्यासाठी आहे. अन्यथा वरच्या दोन गावांवर मिळून ९ हून अधिक भार पडेल आणि ती वेगळी होतील. पंढरपूरवर ६ हून अधिक भार टाकता येत नाही. मंगळवेढा आणि पंढरपूर यांच्यावर मिळून ९ हून अधिक टाकता येत नाही. एवढ्याच काय त्या अटी. पंढरपूर, मंगळवेढा, सोलापूर या क्रमाने लिहिल्यास गाभ्याचे चार कोपरे मिळतात : (६, ३, ६), (६, ०, ९), (०, ९, ६) आणि (०, ०, १५). क्रम सहा असूनही कोपरे चारच आहेत. सोलापूरला प्रथम उभे केले की उरलेल्या दोघांचा क्रम कसाही लावला तरी त्यांच्यावर काहीच भार पडत नाही आणि दोन्ही क्रम एकाच कोपऱ्यावर येतात. मंगळवेढ्याला प्रथम उभे केल्यासही दोन क्रम असेच एकत्र येतात.

शेवटचा कोपरा पुन्हा पाहावा. (०, ०, १५) म्हणजे सगळा वहनव्यय सोलापूरच्या नावे. 'सोलापूरसाठी सोडलेले पाणी' या शब्दप्रयोगात अनुस्यूत असलेली वाटणी हीच होय, आणि ती गाभ्यात आहे. तिच्याविरुद्ध कोणत्याही युतीस उठून जाण्याची धमकी देता येत नाही. सोलापूर एकटे गेले तरी त्याला १५ एककेच लागणार. प्रत्येक उन्हाळ्यात ही मांडणी पुन्हा होऊ शकते आणि टिकूनही राहते, यामागे कोणाचा कावा असल्याचे मानावयाचे कारण नाही. ती स्थिर आहे. परंतु स्थिर असणे आणि रास्त असणे या भिन्न गोष्टी होत. गाभ्याच्या अगदी टोकाच्या कोपऱ्यात बसलेली ही वाटणी वरच्या दोन्ही गावांना एका छदामाचाही भार न घालता पाणी देते. याच्या उलट टोकाला (६, ३, ६) ही वाटणी आहे, तीही तितकीच स्थिर. तिच्यात पंढरपूर एकट्याने पहिला पूर्ण टप्पा उचलते. पंढरपूरने ती का मान्य करावी, याचेही उत्तर गाभा देत नाही. सोलापूरच्या वाट्यास ६ यावे की १५, या अंतरातील प्रत्येक आकडा टिकाऊ आहे, आणि वाद नेमका या अंतरातच आहे.

शॅपली मूल्य या अंतरात एक विशिष्ट बिंदू निवडते. सहाही क्रमांची सरासरी घेतली असता पंढरपूर २, मंगळवेढा ३.५ आणि सोलापूर ९.५ असे उत्तर येते. या उत्तराचा अर्थ साध्या भाषेत सांगता येतो, आणि धावपट्टीच्या खेळाचा खरा उपयोग तोच आहे. नदीचे टप्पे पाडावेत. पहिला टप्पा तिघेही वापरतात, म्हणून त्याचे ६ एकक तिघांत समान वाटावेत. दुसरा टप्पा दोघे वापरतात, त्याचे ३ एकक दोघांत. शेवटचा टप्पा केवळ सोलापूर वापरते, त्याचे ६ एकक एकट्या सोलापूरने घ्यावेत. जो टप्पा वापरत नाही त्याने त्याचा भार घेऊ नये, आणि जे वापरतात त्यांनी समान घ्यावा. हे तत्त्व कोणत्याही ग्रामसभेत समजावून सांगता येईल, आणि त्यासाठी सहा क्रमांची सरासरी काढण्याची गरज पडणार नाही. 'समान' ऐवजी लोकसंख्येच्या किंवा उचललेल्या पाण्याच्या प्रमाणात वाटावे, असा आक्षेप घेता येईल आणि तो योग्यही असेल. टप्पे तेच ठेवून प्रमाण बदलले तरी येणारी वाटणी गाभ्याच्या बाहेर जात नाही. बहिर्वक्रतेने दिलेली ही सवलत मोठी आहे : न्यायाच्या कल्पनेबद्दल मतभेद असले, तरी त्यामुळे युती मोडण्याची भीती नाही.

पाणी व्यवस्थापनात असे हिशेब प्रत्यक्ष झालेले आहेत. अमेरिकेत १९३३ मध्ये स्थापन झालेल्या टेनेसी खोरे प्राधिकरणापुढे जलवाहतूक, पूरनियंत्रण आणि वीजनिर्मिती या तीन उद्दिष्टांत एकाच धरणाचा खर्च वाटण्याचा प्रश्न होता. गाभ्याची व्याख्या होण्यापूर्वीच तेथील अर्थतज्ज्ञांनी, स्वतंत्र योजनेच्या खर्चाहून अधिक भार कोणत्याही उद्दिष्टावर टाकू नये, असा नियम मांडला होता. स्वीडनच्या स्कोने प्रांतातील १८ नगरपालिकांच्या पाणीपुरवठ्याच्या खर्चावर यंग, ओकादा आणि हाशिमोतो यांनी १९८२ मध्ये केलेला अभ्यास आजही पाठ्यपुस्तकांतून दिला जातो. एकाच नदीकाठच्या देशांनी पाणी कसे वाटावे यासंबंधीचा खेळ बहिर्वक्र असल्याचे आंबेक आणि स्प्रुमाँ यांनी २००२ मध्ये दाखविले. महाराष्ट्रात २००५ च्या अधिनियमान्वये जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले आणि ठोक पाणीदर ठरविण्याचे काम त्याच्याकडे आले. पाणी घनमापनाने मोजून आकारावयाचे ठरले की वहनव्यय कोणाच्या मापात धरावयाचा, हा प्रश्न चुकविता येत नाही.

टंचाईच्या वर्षाचा प्रश्न थोडा निराळा आहे. तेथे खर्च नव्हे, तर अपुरे पाणीच वाटावयाचे असते आणि मागण्यांची बेरीज साठ्याहून अधिक असते. इतर सर्वांच्या मागण्या पूर्ण भागविल्यानंतर जे उरेल ते एखाद्या युतीचे मूल्य मानले, तर हा खेळही बहिर्वक्र ठरतो; क्युरियल, मॅश्लर आणि टाइस यांनी १९८७ मध्ये त्याचा अभ्यास केला. त्याचा गाभा शोधू जाता निघते ते एवढेच, की कोणासही मागणीपेक्षा अधिक मिळू नये आणि उणे मिळू नये. म्हणजे गाभा आहे, पण तो जवळजवळ काहीच सांगत नाही. ज्यू धर्मग्रंथ तालमूदमध्ये अशा वाटणीची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांमागील नियम ऑमन आणि मॅश्लर यांनी १९८५ मध्ये उलगडला तो गाभ्याच्या आधारे नव्हे, तर त्याहून सूक्ष्म अशा दुसऱ्या कल्पनेच्या आधारे.

जलवाहिनी आणि बदललेला गाभा

वरील विवेचनात सोलापूरजवळ नदीखेरीज दुसरा मार्ग नाही असे मानले होते. प्रत्यक्षात उजनीपासून शहरापर्यंतची जलवाहिनी आहे आणि नंतरच्या काळात तिला समांतर अशा दुसऱ्या वाहिनीची योजना आखली गेली. जलवाहिनीत पाणी मुरत नाही. तिचा खर्च असतो तो बांधणीचा, विजेचा आणि देखभालीचा. हा खर्च पाण्याच्या एककांत रूपांतरित करून, टाकळीतून मिळणारे सर्व पाणी वाहिनीने आणल्यास तो ८ एककांइतका पडतो असे मानू. मग सोलापूरचा स्वतंत्र खर्च १५ वरून ८ वर येतो. पंढरपूर व सोलापूर या युतीला नदीतून आणि वाहिनीतून वेगवेगळे पाणी घेतल्यास १४ एकके पुरतात. तिघांचा मिळून खर्च मात्र अजूनही १५ च आहे, कारण वरच्या दोघांसाठी नदीत ९ आणि सोलापूरसाठी वाहिनीत ८ मिळून १७ होतात. म्हणजे एकत्र आवर्तन घेणे अजूनही सर्वांत स्वस्त आहे. खेळ बहिर्वक्रच राहतो, हे सर्व युतींच्या जोड्या घेऊन पडताळता येते.

गाभा मात्र आक्रसतो. सोलापूरचा भार आता ६ ते ८ यांच्या दरम्यानच असू शकतो. (०, ०, १५) ही वाटणी गाभ्याबाहेर जाते. ती कोणी मांडली तर सोलापूर वाहिनीकडे वळेल. टप्प्यांनुसार काढलेली ९.५ ची वाटणीही बाहेर जाते. कालपर्यंत रास्त आणि स्थिर असलेले सूत्र जलवाहिनी तयार होताच अस्थिर होते, यात सूत्राचा दोष नाही. खेळ बदलला आहे. मंगळवेढ्यास पूर्वी शून्यावर राहणे शक्य होते, ते आता शक्य नाही. पंढरपूर व सोलापूर त्याच्याविना १४ एककांत भागवू शकत असल्यामुळे मंगळवेढ्यास किमान १ एकक उचलावेच लागते. नव्या खेळाचे शॅपली मूल्य पंढरपूर ३, मंगळवेढा ५ आणि सोलापूर ७ असे येते. एकूण वहनव्ययात एका थेंबाचाही फरक पडलेला नाही. सोलापूर प्रत्यक्षात अजून नदीतूनच पाणी घेत आहे. तरीही केवळ पर्याय उपलब्ध झाल्यामुळे अडीच एककांचा भार प्रवाहाच्या वरच्या बाजूस सरकला. जलवाहिनीचे मूल्य तिच्यातून आलेल्या पाण्यावरूनच मोजणे त्यामुळे अपुरे ठरते.

वाहिनीचा खर्च ६ एककांच्या खाली, समजा ५ वर आला, तर चित्र पुन्हा पालटते. वरच्या दोघांचे ९ आणि सोलापूरचे ५ मिळून १४. एकत्र आवर्तनाचे १५. सोलापूरने नदी सोडणेच आता सर्वांच्या बेरजेने स्वस्त होते. तेथून पुढे सोलापूर आणि वरची दोन गावे यांच्यात वाटावयाचे काही उरत नाही; सोलापूर आपले ५ भरेल आणि पंढरपूर व मंगळवेढा यांना आपसांत ९ वाटून घ्यावे लागतील. जोवर सर्व आवर्तने सोलापूरच्या नावे लिहिली जात होती, तोवर या दोघांचा भार शून्य होता. शहराची जलवाहिनी हा केवळ शहराचा विषय असल्याचे जे मानले जाते, ते म्हणूनच बरोबर नाही.

या हिशेबात एक खेळाडू अजून धरलेला नाही : नदीकाठचा शेतकरी. ज्याला वहनव्यय म्हटले त्यातील काही भाग पात्रालगतच्या विहिरींत उतरतो आणि काही भाग शेतीपंपांनी उचलला जातो; आवर्तनाच्या काळात या पंपांचा वीजपुरवठा मोजक्या तासांवर आणला जातो तो त्यासाठीच. पिण्याच्या पाण्याच्या हिशेबात जी हानी, ती त्याच्या हिशेबात आवक असते. त्याला खेळाडू म्हणून मोजले तर एकूण हानी कमी भरते, पण खेळाचा आकार बिघडण्याचा संभव निर्माण होतो. एक पंप चालला तर टोकाला फरक जाणवत नाही. शंभर पंप एकदम चालले तर बंधारा भरत नाही आणि दुसरे आवर्तन सोडावे लागते. नव्या खेळाडूच्या येण्याने पडणारी भर येथे युतीच्या आकाराबरोबर घटत नाही. ती काही मर्यादेपर्यंत शून्य राहून एकदम उसळते. टँकरच्या उदाहरणात तिसऱ्या वाडीच्या वेळी झाले ते हेच. बहिर्वक्रतेची अट मोडली की शॅपली यांच्या १९७१ च्या निष्कर्षाचा आधार उरत नाही आणि गाभा आहे की नाही, हे बोंदारेवा यांच्या अटीने प्रत्येक वेळी नव्याने तपासावे लागते. त्यासाठी प्रथम कोणत्या टप्प्यात किती पाणी मुरले आणि किती उपसले गेले याची बंधारानिहाय, वेगवेगळी नोंद हवी. दोन्ही आकडे 'वहनव्यय' या एकाच रकान्यात पडत राहिले, तर हा चौथा खेळाडू हिशेबात घेताच येणार नाही.